जुनाट दुखणे आणि ‘माइंडफुलनेस’: ध्यान, सजगता, भान की अवधान?

परभणीतील ज्येष्ठ नागरिकांच्या एका वर्गासाठी मराठी सूचनापत्र तयार करताना ‘माइंडफुलनेस’ला कोणता शब्द योजावा हा प्रश्न पडला, म्हणून तो येथे चर्चेला ठेवत आहे. वर्गातील बहुतेकांचे गुडघे, कंबर किंवा मान वर्षानुवर्षे दुखते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या उपक्रमातून पुढे आलेली, आठ आठवड्यांची ‘माइंडफुलनेस’ची पद्धत या वर्गात शिकवली जाते. तिच्यात श्वासाकडे आणि मग पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे, जे जाणवेल त्याला बरे-वाईट न म्हणता, लक्ष न्यायचे असते.

‘ध्यान’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, पण आपल्याकडे ध्यान लावायचे म्हणजे देवाचे रूप डोळ्यांपुढे आणायचे, आणि ध्यानाला ‘बसायचे’ असते. ज्यांना मांडी घालवत नाही ते या एका क्रियापदामुळेच मागे सरतात; वास्तविक हा सराव खुर्चीत किंवा बाजेवर पडूनही करता येतो.

वर्तमानपत्रांनी रुळवलेला ‘सजगता’ हा शब्द मला या कामासाठी अधिक अडचणीचा वाटतो, कारण त्यात पहाऱ्याचा भाव आहे. जुनाट दुखणे असलेला माणूस आधीच पहाऱ्यावर असतो: उठताना कळ येईल या धास्तीने तो अंग आखडून घेतो, हालचाल कमी करतो, आणि त्यामुळे सांधे व स्नायू आणखी ताठरतात. ‘दुखण्याकडे लक्ष द्या’ ही सूचनाही तशीच उलटते. ती ऐकून एक आजी म्हणाल्या, “दिवसभर सारं ध्यान तिकडंच ऱ्हातंय की ओ ताई, आनखी किती देऊ?” त्यांचा आक्षेप रास्त होता. दुखण्याची चिंता करणे आणि दुखणे आहे तसे जाणून घेणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, आणि सूचनेच्या शब्दाने तो फरक दाखवायला हवा.

‘भान’ जवळचा आहे. मात्र कीर्तनात देहभान हरपणे ही धन्यता मानली जाते, त्यामुळे ‘देहाचे भान ठेवा’ हे वारकरी घरातल्या माणसाला उफराटे वाटू शकते. ‘श्वासाचे भान’ मात्र सहज पटते.

‘माइंडफुलनेस’साठी बौद्ध परंपरेतील मूळ पाली शब्द ‘सती’. मराठवाड्यातील बौद्ध घरांत ‘सम्यक स्मृती’ आणि ‘आनापान’ (येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष ठेवणे) हे शब्द परिचित आहेत, परंतु इतरांना ‘स्मृती’ म्हणजे केवळ आठवण वाटते, आणि ‘सती’चा मराठी अर्थ तर सर्वस्वी निराळा. त्याच परंपरेत ‘वेदना’ म्हणजे सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली कोणतीही जाणीव. मराठीत हा शब्द दुखण्यापुरता आक्रसला. म्हणून सूचनापत्रात ‘वेदना’ न लिहिता ठणका, चमक, मुंग्या, जडपणा असे नेमके शब्द द्यावेत, म्हणजे आजी-आजोबांना नेमके काय जाणवते हे सांगता येईल.

माझा कल ‘अवधान’ या शब्दाकडे आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच “तरी अवधान एकलें दीजे” असा आहे, आणि पारायणे ऐकत म्हातारपण गाठलेल्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. अवधान श्रोत्याचे असते. श्रोता वक्त्याला अडवत नाही की त्याच्या पुढे धावत नाही. या सरावात दुखण्याशी हेच नाते अपेक्षित आहे.

‘वेदनामुक्ती ध्यान’ असे नाव मात्र कोणीही देऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे. पासष्टीपुढील, जुनाट कंबरदुखी असलेल्या व्यक्तींवरील २०१६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दैनंदिन हालचालींत सुधारणा दिसली, पण सहा महिन्यांनंतर ती टिकलेली आढळली नाही. ज्याला मुक्तीचे वचन दिले, तो दुसऱ्याच आठवड्यात निराश होऊन गोळीच्या डब्याकडे वळेल.

बीड, नांदेड, हिंगोली, धाराशिवकडील वाचकांनी आपल्या घरातील वडीलधारी माणसे दुखण्याच्या प्रकारांना कोणते शब्द वापरतात, ते वाक्यासह कळवावेत. त्यांचा या सूचनापत्रात थेट उपयोग होईल.