अटल्सफर्डचं उदाहरण बघा
वर कोणीतरी लिहिलंय की इंग्लंडच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलातही (म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेतही) शेवटी मोठे पक्षच जिंकतात, नाही पटलं. एसेक्स परगण्यातलं अटल्सफर्ड घ्या, १९७४ ला सॅफ्रन वॉल्डन आणि डनमो या गावांकडचा भाग जोडून बनलेलं, २००३ ला तिथे लिबरल डेमोक्रॅट पक्षाची सत्ता, २००७ पासून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची, आणि २०१९ ला तिथल्या रहिवाशांच्याच पक्षाने ३९ पैकी २६ जागा घेतल्या! कॉन्झर्व्हेटिव्ह थेट ४ वर. घरबांधणीवरचा राग तर होताच, शिवाय स्टॅनस्टेड विमानतळ याच हद्दीत, त्याच्या विस्ताराला आधीच्या कौन्सिलने दिलेली मंजुरी नव्या लोकांनी २०२० ला फिरवली. पुढे अपिलात विमानतळ जिंकला, त्याचं वाईट वाटतं, पण २०२३ लाही मतदारांनी याच पक्षाला बहुमत दिलं.