रुक्मिणी, रुख्मिणी की रुक्मणी?

मुलीचं नाव पणजीचं ठेवतोय. जन्मदाखल्यावर कोणतं लिहावं? इंग्रजी स्पेलिंगही सुचवा. (धंतोली, नागपूर)

उत्तर १
रुक्मिणी. मूळ शब्द रुक्म, म्हणजे सोनं. मि ऱ्हस्व, णी दीर्घ, ‘रुक्मीणी’ चूकच. रुक्मणी हे हिंदी वळण, नागपुरात सर्रास कानावर पडतं, म्हणून बरोबर वाटतं. रुख्मिणी बोलण्यातून आलंय, रखुमाईसारखं. गोड आहे, पण कागदावर मला नाही पटत. आणि देवी रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर आपल्याच विदर्भात. तिच्या माहेरी तरी नाव नीट लिहा!

उत्तर २
ताई, इंग्रजीत Rukmini लिहा. के नंतर एच नको, शेवटी डबल ई नको. एम नंतर ए पडला की रुक्मणी झालंच, तिथेच जास्त घोळ होतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्टसाठी जन्मदाखलाच पुरावा, त्यामुळे छापण्याआधी मराठी-इंग्रजी दोन्ही अक्षर न् अक्षर तपासा. नोंद जिथे जन्म झाला तिथल्या कार्यालयात असते, राहत्या पत्त्यावर नाही. नाव १२ महिन्यांत घातलं तर विलंब शुल्क लागत नाही.

उत्तर ३
रुख्मिणीच ठेवा. पणजीला तशीच हाक मारत असतील ना?