मदत हवी आहे: समोरच्याचं बोलणं मजकुरात दाखवणाऱ्या चष्म्यात दुहेरी प्रतिमा

कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीसाठी चष्म्यावर अडकवायचा हेड-अप डिस्प्ले (समोरचं दिसत असतानाच नजरेसमोर मजकूर दाखवणारं उपकरण) बनवतोय. समोरच्याचं बोलणं फोनवर मजकुरात बदलतं, ब्लूटूथने १२८×६४ पिक्सेलच्या छोट्या ओएलईडी स्क्रीनवर येतं आणि १०० मिमी नाभीय अंतराच्या भिंगातून डोळ्यासमोर ४५ अंशांत बसवलेल्या २ मिमी जाड पारदर्शक अॅक्रिलिकवर पडतं. इथवर सगळं छान चालतं.

अडचण प्रतिमेची. अॅक्रिलिकच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तन होतं आणि अक्षरांना सावली पडते. देवनागरीत तर काना-वेलांट्या गिचमीड होतात. स्क्रीन बरोबर भिंगाच्या नाभीवर ठेवली की सावली जाते, पण प्रतिमा अनंतावर जाते. वापरणारी व्यक्ती ओठही वाचते, त्यामुळे प्रतिमा साधारण दीड मीटरवरच हवी, नाहीतर नजर सतत पुढेमागे करावी लागते. सावली कमी व्हावी म्हणून १ मिमीचं पातळ अॅक्रिलिक घेतलं, तर ते वाकतं. परावर्तक फिल्म लावली तर सावली फिकी होते, पण समोरचा चेहराच काळवंडतो, आणि ते चालणारच नाही.

वापर फक्त घरात, उन्हात नाही. नंबरचा चष्मा असल्याने तयार स्मार्ट चष्मे नकोत.

मागच्या बाजूला परावर्तनरोधी लेप असलेली बीमस्प्लिटर काच (थोडा प्रकाश परावर्तित करून बाकीचा आरपार सोडणारी) घ्यावी की छोटा प्रिझम क्यूब (तेच काम करणारा, दोन प्रिझम जोडून केलेला काचेचा ठोकळा)? आणि काच घेतली तर चेहरा स्पष्ट दिसून मजकूरही वाचता येईल असं परावर्तनाचं प्रमाण किती टक्के ठेवावं?