एव्हीआरचा (जनरेटरचं व्होल्टेज आपोआप जागेवर ठेवणारा रेग्युलेटर) गेन वाढवला की रोटर डोलतो, एच-इन्फिनिटी लावून पण एक लाईन काढली की तेच

रोटर_अँगल:
एक जनरेटर, दोन समांतर लाईन, पुढे इन्फिनाइट बस (म्हणजे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी हलतच नाही इतकी मोठी ग्रिड), एवढंच मॉडेल आहे. एव्हीआरचा गेन 200 ठेवला की टर्मिनल व्होल्टेज मस्त जागेवर राहतं पण लोड वाढला की रोटर 1.2 हर्ट्झच्या आसपास डोलत बसतो, थांबायचं नावच घेत नाही. गेन 20 केला तर डोलणं कमी होतं पण लोड टाकला की व्होल्टेज बसतं. म्हणून मिक्स्ड सेन्सिटिव्हिटीने एच-इन्फिनिटी (डिस्टर्बन्सचा वाईटात वाईट परिणाम कमीत कमी ठेवणारी डिझाइन पद्धत) कंट्रोलर काढला, नॉमिनलला व्होल्टेज रिस्पॉन्स एकदम छान, आणि एक लाईन काढली की परत ऑसिलेशन. वेट्स (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती महत्त्व द्यायचं ते) बदलण्यात आठवडा गेलाय. कुठे चुकतंय?

फील्ड_वाइंडिंग:
गेन कमी करू नका हो. हेफ्रन-फिलिप्स मॉडेलमधला (जनरेटरचं लिनियर मॉडेल) के-5, म्हणजे रोटरच्या अँगलमुळे टर्मिनल व्होल्टेज किती बदलतं तो आकडा, काढून बघा, लोड जास्त आणि लाईन कमजोर असली की तो निगेटिव्ह होतो, म्हणजे अँगल वाढला की टर्मिनल व्होल्टेज पडतं, एव्हीआर ते सावरायला जातो पण फील्डमधला फ्लक्स उशिरा वाढतो आणि त्या उशिरामुळे डॅम्पिंग टॉर्क निगेटिव्ह येतो. डिमेलो आणि कॉनकॉर्डिया यांनी 1969 मध्ये हेच मांडलंय. फॉल्टनंतर पहिल्या स्विंगला तोच जास्तीचा गेन वाचवतो, त्यामुळे तो राहू दे आणि डॅम्पिंग पीएसएसकडून (पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर, डोलणं शांत करणारा जास्तीचा सिग्नल एव्हीआरला देतो) घ्या.

स्टेट_स्पेस:
वरचं सगळं बरोबर, पण तुझा कंट्रोलर लाईन गेल्यावर का फसतो ते वेगळं आहे. त्याचे झीरो (ज्या फ्रिक्वेन्सीला कंट्रोलरचा आउटपुट दबतो) काढ, मला जवळपास खात्री आहे की ते त्या 1.2 हर्ट्झच्या पोलवरच (प्लांटच्या स्वतःच्या डोलण्याच्या मोडवर) बसलेत. डिस्टर्बन्स आउटपुटला धरला की एच-इन्फिनिटी असंच करतं, कमी डॅम्पिंगचा मोड शांत करायच्या ऐवजी नुसता कॅन्सल करतं. लाईन गेली, मोड सरकला, कॅन्सलेशन संपलं. डिस्टर्बन्स प्लांटच्या इनपुटला घे, आणि जमलं तर एलएमआयमध्ये (लिनियर मॅट्रिक्स इनइक्वॅलिटी, डिझाइनच्या अटी मांडायची पद्धत) पोल प्लेसमेंटची अट टाक, सगळे पोल शंकूच्या आत म्हणजे डॅम्पिंग रेशो किमान 10 टक्के. आणि एकाच ऑपरेटिंग पॉइंटवर डिझाइन करू नकोस, कमी लोड, पूर्ण लोड आणि एक लाईन बंद हे तीन तरी हवेतच.

रोटर_अँगल:
झीरो खरंच तिथेच होते!! इनपुट डिस्टर्बन्स घेऊन परत केलं, आता लाईन काढली तरी तीन-चार हेलकाव्यात शांत होतं. फक्त कंट्रोलर नवव्या ऑर्डरचा आलाय.

स्टेट_स्पेस:
बॅलन्स्ड ट्रंकेशनने (कमी महत्त्वाच्या स्टेट्स गाळून) ऑर्डर खाली आण, पण नंतर 0.1 ते 2 हर्ट्झमध्ये फेज मूळ कंट्रोलरशी जुळतोय का बघ, तिथे फरक पडला तर सगळी मेहनत वाया. मग लिनियर मॉडेल सोड, नॉनलिनियरमध्ये जनरेटरजवळ थ्री फेज फॉल्ट दे आणि तीच लाईन उघडून क्लिअर कर, एक्साइटरच्या (फील्डला करंट देणारा भाग) लिमिटसकट. सीलिंग व्होल्टेजला (एक्साइटर देऊ शकतो ते कमाल व्होल्टेज) अडकल्यावर कंट्रोलर कसा सुटतो ते लिनियर रिस्पॉन्समध्ये दिसत नाही.