वेगवान स्पिंडलला जास्त लाइन्सचा एन्कोडर: गरज की हौस?

तिरपाटॅप:
मशीनच्या स्पिंडलचा (टूल किंवा जॉब फिरवणाऱ्या शाफ्टचा) विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, "एन्कोडर किती लाइन्सचा?" एन्कोडर म्हणजे शाफ्ट किती फिरला हे मोजणारा सेन्सर, लाइन्स म्हणजे त्याच्या एका फेऱ्यातल्या खुणा. आकडा मोठा म्हणजे स्पिंडल भारी, असा एक समज होऊन बसलाय. माझं मत उलटं आहे. २०,००० आरपीएमच्या पुढच्या मिलिंग स्पिंडलवर जास्त लाइन्स म्हणजे विकतची कटकट.

हिशोब बघा. २४,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४०० फेरे. २०४८ लाइन्स असतील तर सिग्नल ८१९ किलोहर्ट्झचा. बऱ्याच ड्राइव्हच्या (मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) अ‍ॅनालॉग इनपुटचा दम त्याआधीच संपतो. सिग्नलची उंची घटते आणि अलार्म येतो, तोही नेमका फुल स्पीडला. त्यापेक्षा २५६ दातांची रिंग आणि मॅग्नेटिक रीडहेड (ते दात वाचणारा सेन्सर) लावा. सिग्नल १०२ किलोहर्ट्झवर राहतो, तेलाची भीती नाही. दर दाताला एक साइन लहर मिळते, ड्राइव्ह तिचे ४०९६ भाग करतो, म्हणजे एका फेऱ्यात १०,४८,५७६ पायऱ्या, दर पायरी सव्वा आर्कसेकंदाची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). अजून काय हवं?

मायक्रॉनवाली:
साफ असहमत. भाग पाडले म्हणून अचूकता येत नाही. फूटपट्टीवर पेन्सिलीनं बारीक रेघा ओढल्या तर पट्टी अचूक होते का?

२५६ दात म्हटल्यावर एक लहर ५०६२ आर्कसेकंदांची. साइन-कोसाइनमध्ये (रीडहेडच्या दोन लहरींमध्ये) ऑफसेट, म्हणजे शून्यापासून सरकणं, किंवा उंचीचा फरक असेल आणि चूक लहरीच्या फक्त १ टक्का धरली, तरी ती ५० आर्कसेकंद झाली. स्पिंडल सी-अ‍ॅक्सिस म्हणून (म्हणजे हळू, हव्या त्या नेमक्या कोनात) फिरवून ५० मिमी त्रिज्येवर फिनिशिंग करा, १२ मायक्रॉनची लाट येईल. आणि ही चूक दर दाताला परत येते, म्हणून जॉबवर पट्टे दिसतात. २०४८ लाइन्सवर तीच १ टक्का चूक दीड मायक्रॉनवर येते. तुमच्या दहा लाख पायऱ्यांना हे दिसतही नाही.

तिरपाटॅप:
पट्टे मान्य. पण ताई, २४,००० च्या मिलिंग स्पिंडलवर सी-अ‍ॅक्सिस कितीजण चालवतात? तिथे एन्कोडरकडे कामं तीन: स्पीड, टूल बदलताना ओरिएंटेशन (स्पिंडल ठरलेल्या कोनात थांबवणं) आणि रिजिड टॅपिंग (फेऱ्याशी खाली-वर चाल जुळवून आटे पाडणं). ओरिएंटेशनला ५० आर्कसेकंद म्हणजे काहीच नाही. टॅपिंगचं बोलू. १ मिमी पिचच्या टॅपला ५० आर्कसेकंदांनी झेडमध्ये, म्हणजे त्या खाली-वर चालीत, किती फरक पडतो? ०.०४ मायक्रॉन. टॅपची स्वतःची पिचसुद्धा इतकी खरी नसते. तुम्ही टर्निंगवाल्या (लेथवाल्या) आहात, तुमचं दुखणं वेगळं.

सर्किटमास्तर:
दोघंही फक्त पोझिशन बघताय. स्पीड लूपचं (वेग मोजून करंट दुरुस्त करत राहणाऱ्या चक्राचं) काय? समजा ड्राइव्ह दर १२५ मायक्रोसेकंदांनी स्पीड काढतोय. १०२४ लाइन्सचा चौकोनी पल्सवाला एन्कोडर चौपट मोजून ४०९६ काउंट देतो. दोन वाचनांमध्ये एका काउंटचा फरक म्हणजे ११७ आरपीएम! ड्राइव्हला वाटतं स्पिंडल झटके देतोय, तो करंट वरखाली करतो, मोटर गुणगुणते आणि गरम होते. लोक मग बेअरिंगला शिव्या घालतात. साइन सिग्नलवर दहा लाख पायऱ्या मिळाल्या की तोच फरक अर्ध्या आरपीएमच्या आत. म्हणून बारीक मोजमाप हवंच, ते लाइन्समधून येवो की भागाकारातून.

आता उलटी बाजू. फुल स्पीडला (२४,००० आरपीएम) त्याच १२५ मायक्रोसेकंदांत स्पिंडल १८ अंश फिरून गेलेला असतो. तिथे आर्कसेकंद कोण विचारतो? वाचन नेमकं कुठल्या क्षणाचं, हे कळणं महत्त्वाचं. सिंक्रोनस मोटरमध्ये (जिथे करंट रोटरच्या कोनाप्रमाणे द्यावा लागतो) १० मायक्रोसेकंदांचा न धरलेला उशीर म्हणजे जवळपास दीड अंश, पोल-जोड्या (चुंबकाच्या उत्तर-दक्षिण जोड्या) दोन असतील तर विद्युत कोनात त्याच्या दुप्पट. थोडा टॉर्क फुकट आणि उष्णता पदरात.

आणि ते पट्टे हळू फिरतानाच दिसतात. १२,००० आरपीएमला २५६ दातांची चूक ५१ किलोहर्ट्झवर जाते, तिच्यामागे स्पीड लूप धावूच शकत नाही.

मायक्रॉनवाली:
शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे बरं का. स्पिंडल आयुष्यभर फुल स्पीडला पळत नाही, आणि जॉबचा चेहरा हळू फिरतानाच ठरतो. शिवाय लाइन्स वाढल्या की सिग्नल झेपत नाही ही अडचण वायरची आहे, एन्कोडरची नाही. भागाकार एन्कोडरच्या आत करून पोझिशनचा आकडाच सिरियल वायरनं पाठवला, तर आरपीएम वाढला म्हणून केबलवरची फ्रिक्वेन्सी वाढत नाही. एनडॅट, बिस हे सिरियल प्रोटोकॉल त्यासाठीच तर आहेत.

जुनाफिटर:
लाइन्सवर भांडताय, पण रिंग बसवतं कोण? १०० मिमी व्यासाची रिंग केंद्रापासून ५ मायक्रॉन बाहेर बसली की २० आर्कसेकंद इकडे, २० तिकडे, दर फेऱ्याला. मग २५६ घ्या नाहीतर २०४८. समोरासमोर दोन रीडहेड लावले तर ही चूक कापली जाते, पण तेवढी जागा कोण सोडतो?

एकदा बेअरिंग बदलून स्पिंडल जोडला. खाली सगळं गोड, १५,००० च्या वर अलार्म. दोन दिवस केबल, शिल्डिंग, कार्ड, सगळं पालथं घातलं. निघालं काय, तर रिंगचा फिट ढिला. आरपीएम दुप्पट झाला की फिरण्याचा ताण चौपट होतो. रिंग फुगून शाफ्टवर सैल व्हायची आणि रीडहेडची फीलर गेजनं लावलेली फट हलायची. थांबवून डायल लावला की रिंग साळसूद, काटा हलेना. चूक माझीच, जुनी रिंग परत चढवताना तिचं बोअर मोजलं नव्हतं.

(अवांतर: ऑप्टिकल एन्कोडरची काचेची डिस्क कूलंटच्या धुक्यात ठेवणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार.)

तिरपाटॅप:
काका, हे पटलं. माझं पहिलं वाक्य बदलतो: सी-अ‍ॅक्सिस नसेल तर मोजके दात, साइन सिग्नल आणि नीट बसवलेली रिंग. सी-अ‍ॅक्सिस असेल तर ताईंचं ऐका. चौकोनी पल्सची बाजू मी घेतलेली नव्हती, हे सर्किटमास्तरांनी नोंदवून घ्यावं.

मायक्रॉनवाली:
अर्धा विजय स्वीकारते. मिलिंग स्पिंडल टेबलाशी सिंक करून हॉबिंग (गिअरचे दात कापणं) करणारे आले की उरलेला अर्धा मागेन.

सर्किटमास्तर:
नोंदवलं. जुनाफिटर, त्या स्पिंडलला रीडहेड एक होता की दोन?

जुनाफिटर:
एकच. दुसऱ्याच्या जागी कूलंटची नळी होती.