पार्ल्याचा इतिहास नेमका कुणाचा?

हनुमानरोडवाला
आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला, तेव्हा जुन्या रहिवाशांनी विलेपार्ल्याच्या आठवणींची पुस्तिका काढायचं मनावर घेतलं. मजकूर गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. अकरा लेख आले. अकराही लेखांत पार्ले टिळक विद्यालय, टिळक मंदिर, पुलं आणि अंगणातला प्राजक्त. मीही त्याच शाळेचा, माझं बालपणही तेच. तरी सगळे लेख सलग वाचले आणि अस्वस्थ झालो. जणू १९२१ साली शाळा निघाली आणि त्याआधी इथे कुणी राहतच नव्हतं!

हे साष्टी बेटावरचं गाव. १७३७ ते १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेत साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली, तेव्हाही या बेटावर भातशेती करणारी माणसं होती, त्यातली कित्येक ख्रिस्ती झालेली. त्यांचे वंशज आजही गावठाणांत राहतात, घरात मराठी बोलतात. त्यांच्याविषयी अकरा लेखांत एक ओळ नाही. बिस्किटाच्या कारखान्याचा वास सगळ्यांनी लिहिलाय, कारखान्यात राबणारा माणूस कुणीच लिहिलेला नाही. आपण ज्याला पार्ल्याचा इतिहास म्हणतो तो पूर्वेकडच्या पाच-सहा रस्त्यांचा आणि एका वर्गाचा इतिहास आहे. या पुस्तिकेला 'आमचं पार्लं' हे नाव द्यायला माझा विरोध आहे.

सुमेधा_पार्लेकर
तुमची तळमळ कळते, पण हे मला मान्य नाही. माणूस स्वतःच्या आठवणी लिहितो, दुसऱ्याच्या कशा लिहिणार? माझ्या आजोबांना गिरगावातल्या चाळीत दहा माणसांची एक खोली होती. ते इथे आले तेव्हा संध्याकाळनंतर रस्त्यावर कंदील घेऊन निघावं लागायचं. अशा ठिकाणी नोकरदार माणसांनी पगारातून वर्गणी काढून संस्था उभ्या केल्या. टिळक गेले १९२० च्या ऑगस्टमध्ये. पुढच्या वर्षी शाळा सुरू झाली, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. शंभर वर्षं उलटली तरी दोन्ही चालू आहेत. त्याला 'एका वर्गाचा इतिहास' म्हणून बाजूला सारायचं का? त्या शाळेत कारखान्यातल्या कामगारांची मुलंही शिकली आहेत.

आणि १९३०? मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याची छावणी सगळ्या मुंबई परिसरात गाजली. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला यांनी ती चालवली. ती काय पाच-सहा रस्त्यांपुरती होती?

हनुमानरोडवाला
सुमेधाताई, छावणीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण तीही अकरा लेखांत नाही! म्हणजे आपण आपल्यातलंही सगळं लिहिलेलं नाही.

पाळीवाला
माझे वडील त्याच कारखान्यात होते. कारखाना १९२९ चा. आधी गोळ्या-चॉकलेटं, बिस्किटं दहा वर्षांनी आली. २०१६ मध्ये तो बंद झाला तेव्हा सगळीकडे एकच सूर होता, आता स्टेशनवर तो वास येणार नाही. मला फार लागलं ते. तुम्हाला तो वास गाडीच्या दारात दोन मिनिटं यायचा. आमच्या घरी वडिलांच्या शर्टाला यायचा, आई रोज धुवायची तरी जायचा नाही. रात्रपाळी करून ते सकाळी झोपले की आम्ही भावंडं दाराबाहेर बसून अभ्यास करायचो. खोली एकच होती. मी टिळक विद्यालयात नव्हतो, महापालिकेच्या शाळेत होतो. सुमेधाताई, काही कामगारांची मुलं तुमच्या शाळेत गेली असतील. आम्ही गेलो नाही.

सुमेधा_पार्लेकर
हे वाचून गप्प झाले. तुम्ही लिहा ना हे पुस्तिकेत. मात्र माझा मुद्दा सोडत नाही. लेख मागवले तेव्हा कुणालाही मनाई नव्हती.

पाळीवाला
मनाई नव्हती, पण विचारलं कुणी? निरोप इमारतीच्या गटावर फिरला. आम्ही त्या गटावर कधी नव्हतोच.

गावठाणची_लेक
मी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातली. हे नाव आमच्या लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. गोव्याहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आमची ओळख वेगळी राहावी म्हणून. पण गंमत नाही, खरंच सांगते, आजही शेजारी विचारतात, "तुम्ही गोव्याच्या का?" आम्ही इथल्याच. आगगाडी यायच्या आधीपासूनच्या.

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. बायका लुगडी नेसून, वाजतगाजत विहिरीवर जातात, त्या पाण्यानं नवरा-नवरीची आंघोळ होते. आईच्या लग्नात गावठाणातल्या विहिरीचं पाणी होतं. माझ्या लग्नापर्यंत विहिरीवर स्लॅब पडला होता. पिंपात नळाचं पाणी भरलं, त्याच्याभोवती फुलं बांधली आणि त्यालाच विहीर म्हटलं. सगळ्या हसत होत्या, गात होत्या, आई तेवढी पिंपाकडे बघत नव्हती. तुमच्या अंगणातला प्राजक्त गेला याचं मलाही वाईट वाटतं, मनापासून. आमची विहीर गेली हे तुम्हाला ठाऊक तरी होतं का?

सुमेधा_पार्लेकर
नव्हतं. साठ वर्षं इथे राहून नव्हतं, हे लिहिताना हात अडखळतोय. तरीही 'आमचं पार्लं' हे नाव मी बदलू देणार नाही. माझ्या आजोबांनाही ते म्हणायचा हक्क आहे. तुमच्या आई सांगतील का? मी येऊन लिहून घेईन.

गावठाणची_लेक
सांगेल. पण आमच्या बोलीत सांगेल, ती 'शुद्ध' करायची नाही. आणि नाव तेच ठेवणार असाल तर तिचा लेख बारावा लावायचा नाही, पहिला लावायचा.

हनुमानरोडवाला
पहिला लावू. माझा नावाला विरोध कायम आहे, त्यावर सभेत बोलेन. पाळीवाले, तुम्हीही याल का त्या दिवशी?

पाळीवाला
रविवार असेल तर येतो. वडिलांचा एक जुना शर्ट अजून ठेवलाय, तो आणतो.