बाबांचं वय वंदना कार्ड झालं, आता पॉलिसी पुढे चालू ठेवू का?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्याला राहतो. बाबा ७२, आई ६६. दोघांची मिळून एकच फ्लोटर (एकाच विमा रकमेत दोघंही) आरोग्य विमा पॉलिसी, सात वर्षं जुनी. २०२१ मध्ये बाबांची अँजिओप्लास्टी तिच्यावरच झाली. आठवड्याभरात हप्ता भरायचा आहे.

गेल्या वर्षी ५२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी धरून ६१,३६० भरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. त्यामुळे कंपनीने दर वाढवून ५७,००० केला तरी ४,३६० कमीच जाणार.

काल जेवणं झाल्यावर बाबांनी कपाटातलं प्लास्टिकचं पाकीट आणलं, रेशनकार्डामागून वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरी पार केलेल्यांचं सरकारी मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड, काढून माझ्यासमोर ठेवलं. "सरकार पाच लाखांचं बघतंय, मग हे सत्तावन्न हजार कशाला घालतोस?" सत्तर पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट नाही, हे खरं. पण आईला ते मिळायला अजून चार वर्षं आहेत. शिवाय घराजवळच्या हॉस्पिटलात विचारून आलो, ते या योजनेत नाहीत.

करात आता काही परत मिळत नाही. पगार साडेसोळा लाख. गृहकर्जाचं व्याज, ८०सी (गुंतवणुकीची वजावट), ८०डी (आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट) सगळं लावूनही जुन्या करपद्धतीत कर सुमारे १,७१,६०० होतो, नव्यात १,२०,९००. म्हणजे नवीच घेणार, आणि तिथे ८०डी नाही. आईबाबांच्या हप्त्याची ५० हजारांची वजावट गेली, पूर्ण रक्कम खिशातून.

बाबांचं नाव काढून आईपुरती पॉलिसी ठेवावी का? बाबांच्या हृदयाची मला फार धास्ती आहे, उगाच पैसे वाचवायला जाऊन चूक नको. ठाण्यात कोणी हृदयाच्या उपचारासाठी हे कार्ड वापरलंय का?

प्रतिसाद:
दादा, बाबांचं नाव काढू नका. पुन्हा घ्यायला गेलात तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि अँजिओप्लास्टी झालेल्याला नवी पॉलिसी मिळेलच असं नाही. खाजगी विमा असला तरी कार्ड चालतं, दोन्ही ठेवा. कोणती हॉस्पिटलं यादीत आहेत ते योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर आत्ताच विचारा, रात्री दोनला छातीत दुखायला लागल्यावर नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही रिक्षात बसून फोन लावत होतो.

धागाकर्ता:
ताई, आभार. उद्याच हप्ता भरतो. १४५५५ वर फोन करून यादी फ्रिजवर लावतो.